फेडरर व्हायचंय? मग बॅकहँड राहू द्या!

शनिवारी सकाळी सात वाजता शहरातल्या कुठल्याही टेनिस कोर्टवर जा. तिथे एक ‘फेडरर’ हमखास भेटतोच. डोक्याला हेडबँड, कडक इस्त्रीचा टी-शर्ट आणि एका हाताने मारलेला तो झोकदार बॅकहँड. पोझ एकदम फोटो काढण्यासारखी! बॉल मात्र नेटमध्ये, नाहीतर शेजारच्या पार्किंगमध्ये. मग हा पठ्ठ्या रॅकेटकडे असा काही बघतो, की सगळी चूक तिचीच असावी. पुढची पाच मिनिटं चिडचिड. पार्टनर गप्प.

यात मजा कुठे आहे? आठवडाभर डेडलाइन्स, ट्रॅफिक आणि बॉस. त्यातून कसाबसा काढलेला एक तास. कोर्टचे पैसे मोजलेले, पहाटेचा अलार्म लावलेला आणि त्यातला अर्धा तास स्वतःवर वैतागण्यात जातो. चार-सहा महिन्यांनी मग रॅकेट कपाटावर आणि ‘आपल्याला नाही जमत यार’ हे पालुपद सुरू.

रॉजर फेडरर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रिटायर झाला. २० ग्रँड स्लॅम, ३१० आठवडे नंबर वन. गंमत म्हणजे आपण त्याच्याकडून नेमकं तेच उचलतो, जे उचलता येणं शक्य नाही. त्याचा बॅकहँड ही देणगी आणि वर्षानुवर्षांची मेहनत. पण त्याच्या खेळात अशाही गोष्टी होत्या, ज्यांना टॅलेंट लागत नाही. कॉपी करायची तर त्यांची करा.

१. ४६ पॉइंट्स हरायला शिका

जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात फेडररने भाषण केलं. त्यात त्याने एक हिशेब मांडला. आयुष्यात तो १५२६ सिंगल्स मॅचेस खेळला. त्यातल्या जवळपास ८० टक्के जिंकला. आणि पॉइंट्स किती टक्के जिंकले असतील? फक्त ५४!

म्हणजे काय, तर जगातला सर्वोत्तम खेळाडूही शंभरातले ४६ पॉइंट्स हरत होता. जवळजवळ प्रत्येक दुसरा पॉइंट. मग एक डबल फॉल्ट झाला म्हणून आपण कपाळावर हात मारून घेण्यात काय अर्थ आहे?

टेनिसचं गणितच वेगळं आहे. क्रिकेटसारखी इथे सगळ्या रन्सची बेरीज होत नाही. गेम शून्यावर गमावलात तरी जातो एकच गेम, पुढचा पुन्हा शून्यापासून. याचा उलटा फटकाही बसतो, आणि तो फेडररइतका कोणाला कळणार? २०१९ ची विम्बल्डन फायनल आठवा. फेडररने २१८ पॉइंट्स मिळवले, जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७ वर सर्व्हिस फेडररची, स्कोअर ४०-१५, म्हणजे चॅम्पियनशिप पॉइंट एक नाही, दोन! तरीही कप नेला जोकोविचने.

हा शांतपणा फेडररला जन्मजात मिळाला होता असं समजू नका. ज्युनियर असताना तो रॅकेटी फेकायचा, कोर्टवर आरडाओरडा करायचा. शांत राहणं तो शिकला. म्हणजे तुम्हालाही शिकता येईल.

करायचं काय? पॉइंट गेला की नेटकडे पाठ करा. रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करा, एक लांब श्वास घ्या आणि पुढची सर्व्हिस कुठे टाकायची एवढंच ठरवा. प्रोफेशनल खेळाडूंना दोन पॉइंट्समध्ये २५ सेकंद मिळतात. तुम्हाला दहासुद्धा पुरतील.

२. बॉल गेला तरी नजर तिथेच

फेडररचे फोटो नीट बघा. बॉल रॅकेटवरून निघून गेलाय, तरी त्याची मान अजून तिथेच वळलेली. नजर जिथे बॉल लागला त्या जागेवर. आपण काय करतो? मारायच्या आधीच समोर बघतो, शॉट कसा गेला हे पाहायला! मान उचलली की खांदा उचलला जातो आणि बॉल फ्रेमला लागतो. ‘टण्ण’ असा तो आवाज ओळखीचा आहे ना?

पुढच्या शनिवारी फक्त एक गेम असा खेळा. बॉल मारल्यावर मनातल्या मनात ‘एक’ म्हणेपर्यंत मान हलवायची नाही. बॉल कुठे गेला ते पार्टनर सांगेलच.

३. पाय आधी, हात नंतर

फेडरर किती सहज खेळतो, असं सगळे म्हणायचे. त्याला स्वतःला हे फारसं रुचत नव्हतं. कारण त्या सहजपणामागे फिटनेस कोच पिएर पगानिनीबरोबर वर्षानुवर्षं गाळलेला घाम होता. तो बॉलवर झेपावताना दिसायचा नाही, कारण छोट्या छोट्या पावलांनी तो आधीच तिथे पोचलेला असायचा.

यातली एक युक्ती तर फुकट आहे. समोरचा बॉल मारणार, त्या क्षणी जागच्या जागी एक हलकीशी उडी. याला स्प्लिट स्टेप म्हणतात. दोन्ही पाय एकदम जमिनीला टेकतात आणि शरीर कुठल्याही बाजूला सुटायला तयार होतं. आपल्यातले बहुतेक जण बसस्टॉपवर उभं राहावं तसे बॉलची वाट बघतात आणि मग ‘बॉल फार लांब होता’ म्हणतात. बॉल लांब नव्हता हो, तुम्ही उशिरा निघालात.

पावसाळ्यात कोर्ट बंद असतं, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं दोरीच्या उड्या मारा. ऑक्टोबरमध्ये पाय दुवा देतील.

४. रॅकेट मनगटाला झेपेल अशी

फेडरर वर्षानुवर्षं ९० चौरस इंचाच्या छोट्या हेडच्या रॅकेटने खेळला. १७ ग्रँड स्लॅम तिच्यावरच जिंकल्या. मग २०१४ मध्ये त्याने मोठ्या हेडची रॅकेट घेतली आणि पुढे ९७ चौरस इंचावर स्थिरावला. वय वाढतंय, समोरचे जास्त जोरात मारताहेत, तर थोडी मदत घ्यायला काय हरकत आहे, असा साधा विचार. इगो आडवा आला नाही.

आणि आपण? त्याच्या नावाची रॅकेट विकत घेतो. त्याची जुनी रॅकेट तर तारांशिवायच ३४० ग्रॅमची होती! दिवसभर माउस धरून आखडलेल्या मनगटाला हे वजन झेपत नाही. हौशी खेळाडूला १०० चौरस इंच हेड आणि २८० ते ३०० ग्रॅम वजन साधारण पुरतं. तारा मऊ घ्या आणि फार ताणून बसवू नका. ग्रिप आवळून धरू नका. रॅकेट जड, तारा कडक, मूठ आवळलेली आणि बॉल उशिरा घेतलेला, ही टेनिस एल्बोची खात्रीची रेसिपी आहे. बॅकहँडला दुसऱ्या हाताची मदत घेतलीत तर कोपर आभारच मानेल.

५. थांबणं म्हणजे हरणं नव्हे

२०१६ मध्ये फेडररच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. विम्बल्डननंतर त्याने उरलेला सगळा सीझन सोडून दिला. सहा महिने एकही स्पर्धा नाही. वय ३५. संपला म्हणून लोकांनी निकालही लावला. जानेवारी २०१७ मध्ये तो ऑस्ट्रेलियन ओपनला परतला, फायनलच्या पाचव्या सेटमध्ये नदालविरुद्ध १-३ असा मागे पडला आणि तिथून ६-३ जिंकला. त्याच वर्षी त्याने क्ले कोर्टचा अख्खा सीझन विश्रांती घेतली आणि विम्बल्डन एकही सेट न गमावता जिंकलं.

त्यामुळे पाच दिवस खुर्चीत बसून सहाव्या दिवशी सलग तीन तास खेळण्यात काही मर्दुमकी नाही. आधी दहा मिनिटं वॉर्म-अप करा. खांदा किंवा कोपर दुखत असेल, तर स्प्रे मारून खेळू नका. दोन शनिवार चुकू द्या आणि डॉक्टरला दाखवा.

६. पार्टनर सांभाळा

कोर्ट्स कमी, माणसं जास्त. म्हणून आपण बहुतेक वेळा डबल्सच खेळतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फेडरर सिंगल्सच्या क्वार्टर फायनलला जेम्स ब्लेककडून हरला. तोंड पाडून बसला असता तर? पण तो स्टॅन वावरिंकाबरोबर डबल्स खेळत राहिला. या जोडीने आपल्या पेस-भूपतीलाही घरी पाठवलं आणि शेवटी गोल्ड मेडल मिळवलं. जिंकल्यावर वावरिंका कोर्टवर आडवा पडला आणि फेडरर शेकोटीसमोर बसावं तसा त्याच्यावर हात शेकायला लागला. का? तर पार्टनर इतका तापलेला खेळला म्हणून! श्रेय द्यायची यापेक्षा छान पद्धत शोधून सापडणार नाही.

तेव्हा पार्टनरचा स्मॅश नेटमध्ये गेला, की सुस्कारा सोडू नका. ‘चल, पुढचा!’ म्हणा. शंभरातले ४६ पॉइंट्स तसेही जाणारच आहेत. ते हसत गेले, तर पुढच्या शनिवारी चौघंही परत येतील. आणि जो परत येत राहतो, त्याचाच खेळ सुधारतो.