अंधार गोदामाचा, दोष मात्र बाईचा?



२०२० साली मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची मोटार थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागली. बंगले, हॉटेले, पर्यटन यांवर तेव्हापासून पुष्कळ बोलले जाते. पण माल जिथे उतरतो, साठतो, निवडला जातो, त्या जागांबद्दल कोण बोलतो? सुक्या मासळीची कोठारे, कांद्याच्या वखारी, सिमेंट-फरशीची गोदामे आणि याच जिल्ह्यात न्हावा-शेवा बंदराभोवती उरण-पनवेलकडे उभी राहिलेली प्रचंड गोदामे. निवडणे, पॅकिंग, झाडलोट ही तिथली कामे पुष्कळदा बायकांकडे असतात, आणि तीही ठेकेदारामार्फत, रोजावर.

यातल्या अनेक जागांत एक गोष्ट सारखीच दिसते, ती म्हणजे अपुरा उजेड. दिवा असतो, पण मधोमध एकच. पोत्यांची थप्पी छतापर्यंत गेली की उजेड थप्पीच्या माथ्यावर पडतो आणि बाई चालते ती वाट सावलीत राहते. किनाऱ्यावरच्या लख्ख उन्हातून आत आल्यावर डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटे लागतात. डोक्यावर ओझे घेऊन आलेली बाई तेवढा वेळ थांबू शकत नाही. मग ओली फरशी, मोडकी पायरी, फळीतून वर आलेला खिळा तिला दिसत नाही. चाळिशीनंतर बारीक काम करायला जास्त उजेड लागतो, पण निवडणीला बसलेल्यांत चाळिशी ओलांडलेल्याच कितीतरी असतात. डोकेदुखी आणि डोळ्यांतले पाणी ही आजारपणे म्हणून कुणी मोजतही नाही.

बाई पडली तर मुकादम म्हणतो, ‘लक्ष कुठं होतं?’ थप्पीआड कुणी तिचा हात धरला तर लोक म्हणतात, ‘अंधारात गेलीच कशाला?’ प्रसंग वेगळे असले तरी दोष दोन्ही वेळा बाईच्याच पदरात पडतो. ज्याने दिवा लावायचा, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

कायदा याबाबत मुका नव्हता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १७ व्या कलमात कामगार काम करतात किंवा ये-जा करतात अशा प्रत्येक भागात पुरेसा उजेड हवा, खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ हव्यात, डोळ्यांवर ताण येईल वा अपघात होईल अशा सावल्या पडता कामा नयेत, असे स्पष्ट म्हटले होते. पण नुसती साठवणूक करणारे गोदाम ‘कारखाना’ ठरत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. तिच्यातही पुरेशा उजेडाची जबाबदारी मालकावर आहे. मात्र ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. चार-सहा बायकांना घेऊन चालणारी वखार पुन्हा बाहेरच राहिली.

रात्रपाळीचा इतिहासही आठवू या. अंधाराचे कारण सांगून कायद्याने बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यातून घरी पाठवले. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. नव्या संहितेनुसार बाईची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर रात्रीचे काम करता येते. पण रोज बुडण्याची भीती असताना दिलेली संमती किती खरी? आणि व्यवस्थेत गोदामाच्या मागचा संडास, तिथे जाणारी वाट आणि फाटकापासून रस्त्यापर्यंतचा तुकडा धरला आहे का? रात्रपाळीची बंदी आपल्याला नको आहे, पण अंधारातली रात्रपाळीही नको.

दिवे लावले की छेडछाड संपते, असे आपण म्हणत नाही. भर उजेडातही त्रास देणारे असतात. २०१३ च्या कायद्याने कामाची जागा सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. ही माहिती वखारीत बसलेल्या बाईपर्यंत पोचवणे हे आपले काम आहे.

मागण्या साध्या आहेत. दिवे थप्पीवर नकोत, वाटेवर हवेत. खाऱ्या हवेत गंजणार नाहीत असे बंद दिवे हवेत. पोत्यांना टेकलेले उघडे बल्ब आणि लोंबत्या वायरी काढल्या पाहिजेत, कारण त्यांतून आग लागते. वीज गेल्यावर लागणारा बॅटरीचा दिवा हवा. २०२० च्या निसर्ग वादळानंतर या किनाऱ्यावर कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती, हे आपण विसरलेलो नाही. आणि प्रत्येक बाईचे नाव हजेरीवर हवे. नाव नसेल तर तिला झालेली इजाही कागदावर येत नाही, मग भरपाई कशाच्या आधारे मागणार?

आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने आपल्या कामाच्या जागेचा नकाशा काढावा आणि जिथे पाय ठेवताना भीती वाटते तिथे काळी खूण करावी. सगळ्यांच्या खुणा एकत्र करून तो कागद आधी मालकापुढे ठेवू, आणि त्याने दखल घेतली नाही तर कामगार अधिकाऱ्यापुढे. एकटीने तक्रार केली तर ती ‘घाबरट’ ठरते. पंधराजणींच्या खुणा एकाच जागी पडल्या की भीती आमच्या मनात नसून त्या जागेत आहे, हे कुणालाही नाकारता येणार नाही.