भिंतीआडच्या माणसांना संकटात कोण सोडविणार?

२००३ सालच्या सिंहस्थात २७ ऑगस्ट रोजी नाशकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांना प्राण गमवावे लागले. तेव्हापासून पर्वणी जवळ आली की घाट, वाटा, रुग्णवाहिका ह्यांचे आराखडे सिद्ध होतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ह्याच शहरात, जेलरोडवरच्या उंच भिंतींआड, हजारो माणसे रोज सायंकाळी मोजून कोंडली जातात. आग लागली, साथ आली, तर त्यांना कोणाच्या हुकुमाने, कोणत्या दाराने, किती वेळात बाहेर काढावयाचे? हा प्रश्न सभेत काढताच कोणीतरी म्हणतो, “गुन्हेगारांची एवढी काळजी कशाला?”

बंधुभगिनींनो, हे वाक्य आपल्याही घरांतून ऐकू येऊ लागले आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

गुन्हेगार कोणास म्हणावयाचे? २०२२ च्या सरकारी अहवालाप्रमाणे देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांवर गुन्हा शाबीतच झालेला नव्हता. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा १६.६ आणि २०१९ साली कच्च्या कैद्यांत मात्र शेकडा २१. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे आत राहिलेली पोरे मी वकिलीत पाहिली आहेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्याच तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, हे नाशिककर अभिमानाने सांगतात. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आपल्या वाडवडिलांनी तुरुंग भरले, ते काय चोर होते?

आणि गुन्हा शाबीत झाला असला तरी काय? न्यायाधीशाने शिक्षा दिली ती कैदेची. जळून वा बुडून मरण्याची नव्हे. घराला आग लागली तर तुम्ही-आम्ही पळतो. बंद्याला ती मुभा नाही. पळाला तर तो नवा गुन्हा होतो. ज्याने त्याच्या पायांची शक्ती काढून घेतली, त्या सरकारनेच त्याला उचलून बाहेर आणले पाहिजे.

ही कल्पनेतली भीती नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या कारागृहात शिरले व बंद्यांना हलवावे लागले. मे २०२० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात शंभराहून अधिक बंद्यांना करोनाची लागण झाली. त्या तुरुंगाची क्षमता ८०४. आत माणसे तिपटीहून अधिक. गर्दी कमी करण्यासाठी समित्या नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्चलाच सांगितले होते. महाराष्ट्राने ८ मे रोजी नियम दुरुस्त करून आकस्मिक अभिवचन रजा आणली. पण सात वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्यास अट अशी, की मागील दोन रजांवरून तो वेळेवर परतलेला असावा. ज्याला कधी रजाच मिळाली नाही त्याने परतावे कोठून? ह्या सरळ प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी बंद्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेही साथ ऐन भरात असताना. नियम संकटाच्या आधी विचारपूर्वक लिहिले असते तर ही पाळी आली नसती.

त्या दिवसांत मुलाखती बंद होत्या. माझ्या एका अशिलाची आई एका कारागृहाच्या दारावरून परत आली व मला म्हणाली, “वकीलसाहेब, पोरगा जिता आहे का, एवढंच विचारून द्या.” ते विचारून मिळण्यास मला तीन आठवडे लागले.

कायदा मात्र मुका नव्हता. साथीच्या वेळी बंद्यांची तात्पुरती व्यवस्था अन्यत्र करावी, ही तरतूद परक्या सरकारच्या १८९४ च्या कायद्यातही सातव्या कलमात होती. आपल्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ३२ वे कलम जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी कार्यालयास आपत्तीची योजना करावयास लावते. ६१ वे कलम मदत देताना जात-धर्माचा भेद करण्यास मनाई करते. कारागृह हे सरकारी कार्यालय नव्हे काय?

पूर ओसरल्यावर बराकीतला चिखल आणि मैला कोणी काढावयाचा, हेही आताच ठरले पाहिजे. जातीवर कामे वाटणारे तुरुंगनियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविले आणि नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. कागदावरून गेलेला रकाना गडबडीच्या वेळी तोंडी भरला जातो, हा आपला जुना अनुभव आहे.

ज्यांचे कोणी आत आहे त्या कुटुंबांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही माफ; उत्तराची मुदत तीस दिवस. विचारावे, की आपत्तीची योजना आहे काय, तिचा सराव शेवटी केव्हा झाला, आणि संकटसमयी घरच्यांना खबर कोण देणार. किल्ल्यांचा तपशील सुरक्षेच्या नावाने नाकारतील, तर नाकारोत. परंतु सरावाची तारीख सांगितल्याने कोणती भिंत कोसळणार आहे? अर्ज लिहून देण्यास मी दर रविवारी सकाळी विहारात बसतो. येताना बंद्याचे पूर्ण नाव व बंदी क्रमांक तेवढा आणावा.