वळण रुळांवरून दिसत नाही

पहिला जोरदार पाऊस झाला की बोईसर-पालघरच्या प्रत्येक कॉलेज ग्रुपवर मेसेज येतोच, ‘घाटात कधी जायचं?’ आपल्याकडचे रूळ सरळसोट. धुक्यातून डोंगराला वळसा घालणारी गाडी टिपायची तर दिवा, कल्याण करत कसारा गाठायचा, नाहीतर थेट गोव्याकडे दूधसागर.

आणि तिथे पोचून आपण काय करतो? रुळांच्या मधोमध उभे राहतो. गेल्या पावसाळ्यात मीही उभी राहिले. घरी येऊन फोटो पाहिला तर दोन रूळ, धुकं आणि माझी छत्री. घाट कुठेच नाही! वळण दिसायला उंची लागते, नाहीतर अंतर. खंडाळ्याच्या नागफणीवर चढलात तर बोर घाट खाली पसरलेला दिसतो. मोबाईलची वाइड लेन्स तर आणखी फसवते, गाडी असते त्यापेक्षा लांब दाखवते. त्यात घाटातल्या वळणामुळे ती उशिरा दिसते आणि धबधब्याच्या आवाजात ऐकूही येत नाही.

जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रुळांवरून निघालेल्या ट्रेकर्सना कान धरून उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ आपण हसत हसत फॉरवर्ड केला. मला तो प्रकार पटला नव्हता. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तो लावा की, तमाशा कशाला? पण धबधबा डब्यातूनच बघा, हे रेल्वेचं तेव्हाचं आवाहन मात्र बरोबर होतं.

आपल्याच जिल्ह्यात वैतरणा आणि सफाळे स्टेशनांच्या मधल्या वाढीव बेटावरची माणसं वर्षानुवर्षं रेल्वेच्या खाडीपुलावरून चालत आलीत, दुसरा रस्ताच नव्हता म्हणून. त्यात जीवही गेलेत. हे आठवलं की रीलसाठी रुळावर उतरल्याची लाज वाटते.

बरं, डब्यातूनच फोटो भारी येतो. कसारा-इगतपुरीचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून गाडीला मागून ‘बँकर’ इंजिनं लावतात. मागच्या डब्यात बसा. गाडी वळली की पुढचे डबे आपोआप फ्रेममध्ये येतात, हात बाहेर काढावा लागत नाही. कसाऱ्याला बँकर जोडायला गाडी थांबते, तेवढ्यात खिडकीची काच पुसून घ्या.