परसबागेत घेवडा लावताना

परसबागेत श्रावणघेवडा, म्हणजेच फरसबी, लावायची म्हटले की पहिला प्रश्न येतो, 'उत्पन्न जास्त कोणत्या वाणाचे?' आमच्या मते घरच्या बागेसाठी हा प्रश्नच चुकीचा आहे. शेतकऱ्याला माल बाजारात न्यायचा असतो, आपल्याला चार माणसांच्या ताटात वाढायचा असतो.

फरसबी आरोग्याला उत्तम. 100 ग्रॅम शेंगांत उष्मांक जेमतेम 30 ते 35, शिवाय तंतुमय पदार्थ, फॉलिक आम्ल आणि क जीवनसत्त्व. मधुमेही माणसांनी व वजन कमी करू पाहणाऱ्यांनी ती अवश्य खावी. पण शेंग जून झाली की तिच्या शिरा दोरीसारख्या चिवट होतात. मुले मग ती ताटाच्या कडेला काढून ठेवतात. जी भाजी पोटात जात नाही, तिचा गुण काय कामाचा?

म्हणून वाण निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. झाड बुटके असावे आणि शेंग बिनशिरेची असावी. बुटक्या घेवड्याला मांडव लागत नाही, एक हात रुंदीचा वाफा किंवा मोठी कुंडी पुरते. अमेरिकेतून आलेला 'कंटेंडर' लवकर येतो, त्याची शेंग गोल व बिनशिरेची. 'पुसा पार्वती' आणि बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का सुविधा' हेही याच गुणाचे. त्याच संस्थेच्या 'अर्का कोमल'ची शेंग वाहतुकीत चांगली टिकते. हा मोठा गुण खरा, पण स्वयंपाकघर दहा पावलांवर असताना त्याचा उपयोग काय?

सगळे बी एकदम लावू नये. दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ लावावी, म्हणजे भाजी बेताबेताने येत राहते. ऐन उन्हाळ्यात फुले गळतात, तेव्हा लावण टाळावी. आतले दाणे फुगण्यापूर्वीच शेंगा तोडाव्यात. ही सरळ वाणे आहेत, संकरित नव्हेत. दोन-चार निरोगी झाडांच्या शेंगा झाडावरच वाळू दिल्या तर पुढचे बियाणे घरचेच होते.

दोन सूचना मात्र कळकळीने. पाकिटातले गुलाबी किंवा निळसर रंगाचे बी औषध चोळलेले असते. उरलेले बी डाळी-कडधान्यांच्या डब्याजवळ ठेवू नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. दुसरे, फरसबी कच्ची खाऊ नये. कच्च्या शेंगेतील व दाण्यातील लेक्टिन नावाच्या द्रव्याने उलट्या, जुलाब होऊ शकतात. कोशिंबिरीत घालायची असली तरी आधी नीट शिजवून घ्यावी.

सकाळी तोडलेली कोवळी शेंग दुपारच्या जेवणात आली आणि मुलांनी ती पुन्हा मागितली, म्हणजे आपली निवड बरोबर ठरली असे समजावे.