पाय धुणे आणि धुऊन घेणे

काल पवित्र गुरुवारी सायंकाळी ठिकठिकाणच्या चर्चमधून बारा जणांचे पाय धुण्याचा विधी झाला. आज शुभ शुक्रवारी आपण प्रभूच्या क्रूसापुढे उभे राहणार आहोत. अशा वेळी एक प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारू इच्छितो : आपण नम्र आहोत, की नम्र दिसण्यातच समाधान मानतो?

योहानकृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायातील प्रसंग सर्वपरिचित आहे. धुळीची वाट तुडवून आलेल्यांचे पाय धुणे हे त्या काळी दासाचे काम. ते गुरूने कमरेला रुमाल बांधून स्वतः केले. पेत्राने मात्र पाय धुऊ देण्यास नकार दिला. वरवर पाहता ही नम्रताच. परंतु प्रभूने ती मानली नाही. जो धुऊन घेणार नाही त्याला आपल्याबरोबर वाटा नाही, असे त्याने बजावले.

असे का? देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. घेणाऱ्याला आपले मळलेले पाय पुढे करावे लागतात. गर्व दान करू शकतो, सेवा करू शकतो, उपवासही करू शकतो. क्षमा मागणे तेवढे त्याला जमत नाही.

आपल्या ख्रिस्ती समाजाकडे पाहावे. चर्चच्या बाकावर देणगीदाराचे नाव ठळक असते. समितीच्या निवडणुकीतून धरलेला अबोला वर्षानुवर्षे टिकतो. सोयरीक जुळवताना पूर्वजांची जात बाप्तिस्म्याच्या पाण्यातूनही कोरडीच बाहेर आलेली दिसते. आम्हीही यातून सुटलेलो नाही.

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता येथे आठवते. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. पुढे केडगावी दुष्काळात होरपळलेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबल मराठीत आणले. परंतु शब्द निवडले ते अल्पशिक्षित बायकांनाही कळतील असे. पांडित्य खाली वाकले, आणि त्याने काहीही गमावले नाही.

आज क्रूसाचे चुंबन घेऊन परतताना, ज्या घरी आपण बोलणे टाकले आहे त्या घराचा उंबरठा ओलांडावा. “आमचे चुकले” एवढे दोन शब्द तेथे उच्चारावेत. पाय धुऊन घेणे म्हणतात ते हेच.