रिकाम्या हातांनी परतणारे ध्रुपद

काही लोकप्रिय गाणी असह्य का होतात? 'ती अश्लील असतात म्हणून' हे उत्तर आम्हांला पटत नाही. उत्तर पेशवाईतल्या सोलापूरच्या रामजोशींनीही शृंगारिक लावण्या रचल्या. पुनरुक्ती हाही मुळात दोष नव्हे. लावणीतही ध्रुपद पुन्हा पुन्हा येते. मात्र मधल्या कडव्याने भाव पुढे सरकलेला असतो, म्हणून तेच शब्द नव्या अर्थाने ऐकू येतात. आज मिरवणुकांत डीजेवर गर्जणाऱ्या अनेक गाण्यांत कडवे केवळ दोन ध्रुपदांमधली जागा भरते. ध्रुपद जसे गेले तसेच परतते, आणि तरीही डोक्यात घोळत राहते. आमचा आक्षेप या रिकामेपणाला आहे. वर्गात लावणीशेजारी असे एखादे गाणे ठेवून हा फरक ऐकवावा. नुसते नाक मुरडणे ही समीक्षा नव्हे.