फलकावरचे टक्के आणि नववीतल्या नांग्या



दहावीचा निकाल लागला की यवतमाळ शहरात चौकाचौकात फलक लागतात. अमुक शाळा 100 टक्के, तमुक 98. सरकारी, नगर परिषदेच्या शाळेचा फलक सहसा दिसत नाही. त्याच दिवसांत पेरणी तोंडावर असते. फलक वाचून आपण बियाण्याच्या बॅगांचा पैसा फीत घालतो, पोरासाठी शहरात खोली करतो, आणि पेरणीला सावकाराच्या दारात उभे राहतो. म्हणून या टक्क्यांचा हिशेब आपणच तपासला पाहिजे.

राज्याचा दहावीचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता. 2019 साली तो 77.10 वर आला आणि 2020 साली एकदम 95.30! पोरं एका वर्षात ढ झाली आणि दुसऱ्या वर्षी हुशार झाली काय? 2019 ला भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे, म्हणजे शाळेच्याच हातातले, 20 गुण काढले होते. पुढच्या वर्षी परत दिले. 2021 ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, तर निकाल 99.95. काटा असा हलत असेल तर कापूस मोजणाऱ्या व्यापाऱ्याला आपण काय म्हणतो?

दुसरी गोम याहून खोल आहे. टक्का निघतो तो परीक्षेला बसलेल्या पोरांवर. पराटीच्या नांग्या किती पडल्या हे न विचारता उभ्या झाडांवर उतारा काढावा, तसे हे. आठवीपर्यंत पोराला शाळेतून काढता येत नाही, असा 2009 चा कायदा आहे. नववीत ती आडकाठी नाही. कच्च्या पोराच्या हाती दाखला द्यायचा, नाहीतर त्याला 17 नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, ही युक्ती कित्येक पालकांनी भोगली आहे. दाखला घेतलेले पोर शेवटी सरकारी शाळेच्या दारात येते आणि त्याचे नापास होणे तिच्या खात्यावर चढते.

कृषी विद्यापीठात आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवले की दोन वाणांची तुलना एकाच जमिनीत, एकाच पाण्यावर करायची. वेचणीच्या दिवसांत मायबरोबर वावरात जाणारे पोर आणि दोन-दोन शिकवण्या लावलेले पोर, म्हणजे बरड आणि ओलित. दोघांचे टक्के शेजारी मांडून कोणत्या गुरुजीची परीक्षा होते?

सरकारी शाळा सगळ्या चांगल्याच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. जिथे शिक्षकाची जागा रिकामी असेल तिथे भांडावेच लागेल. पण या जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा प्रत्येक शाळेत, खासगी असो की सरकारी, एवढे विचारा: दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती पोरं होती, आणि त्यांतली किती याच शाळेतून दहावी पास झाली? आकडे कागदावर लिहून जिल्हा बैठकीला आणा. फी त्यानंतर भरा.